राज्यमासा जाहीर झाला, आता त्याला वाढू द्या

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने चंदेरी पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केलं. मी पालघर किनाऱ्यावरच्या एका कोळी घरातली. आई पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला मासे विकायला जायची. भावाची गिलनेटची, म्हणजे मासा आसांत अडकवणाऱ्या उभ्या जाळ्याची बोट आहे आणि मी गावातल्या मच्छीमार संस्थेत हिशेब लिहिते. त्यामुळे त्या बातमीचा आनंद आमच्या घरात खरा होता. पापलेट वाचवा, त्याला काहीतरी दर्जा द्या, असं किनाऱ्यावरचे लोकच सांगत होते. सरकारने ऐकलं, याचं बरं वाटलं.

त्या घोषणेला आता बरेच हंगाम होऊन गेले. त्यातून पापलेटला काय मिळालं, हे मला आपल्याला जाहीरपणे विचारायचं आहे. अर्ज करून झाले, निवेदनं देऊन झाली. त्यांची पोच मिळते, उत्तर मिळत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी थोडं मानचिन्हांविषयी. शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, ताम्हण राज्यफूल, आंबा राज्यवृक्ष, ही यादी आम्ही शाळेत पाठ केली. २०१५ मध्ये तिच्यात ब्लू मॉरमॉन फुलपाखरू आलं. राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, अशी तेव्हा बातमी होती. २०२० मध्ये पांढरी चिप्पी ही राज्य कांदळवन वृक्ष झाली, त्यातही पहिला नंबर आपलाच. २०२३ मध्ये राज्यगीत आलं आणि राज्यमासाही. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला. यादी लांबतेच आहे. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या पोरांना एक गुण हमखास मिळतो, एवढा फायदा मात्र नक्की झालाय.

यातल्या राज्यगीताचा शासन निर्णय मी मुद्दाम वाचला. गीत १.४१ मिनिटांचं असेल, ते कुठे आणि कधी वाजवायचं, सुरू असताना सावधान उभं राहायचं, आजारी आणि वृद्धांना त्यातून सूट, सगळं व्यवस्थित लिहिलंय. वाचून समाधान वाटलं. एखाद्या गोष्टीचा मान राखायचा ठरवलं की सरकारला बारीकसारीक तपशील सुचतात. तोच तपशील मी राज्यमाशाच्या बाबतीत शोधला. राज्यमासा जाळ्यात आला, लहान निघाला, गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी भरलेला निघाला, तर कोणी काय करायचं? तो लिलावात आला तर कोणी बघायचं? राज्यमासा झाल्यामुळे कालपेक्षा आज वेगळं काय होईल? याचं उत्तर मला कुठल्याच कागदावर सापडलं नाही.

देशाने वाघाला राष्ट्रीय प्राणी केलं, तेव्हा १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पही उभा राहिला. शेकरूसाठी भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ पासून आहे. तिथली जंगलं किती राखली जातात यावर वाद घालता येईल, पण निदान शेकरूचं घर कुठलं ते कागदावर आहे, तिथे वनरक्षक आहे, फांदीला कुऱ्हाड लागली तर गुन्हा दाखल होऊ शकतो. पापलेटला ना घर, ना राखणदार.

आणि एक फरक इथेच सांगते, कारण मंत्रालयात तो कोणाच्या लक्षात आला असेल असं वाटत नाही. या सगळ्या यादीत मारून, तोलून, विकून खाल्लं जाणारं मानचिन्ह हे एकटंच. आंबाही आपण खातो, पण झाड तोडून नाही. शेकरूला, हरियालाला हात न लावणं हेच त्यांचं रक्षण. पापलेटला हात लावू नका असं कोणीच म्हणत नाही, मी तर नाहीच नाही, आमची चूल त्यावर आहे. त्याच्या रक्षणाचा अर्थ एवढाच की त्याला वाढू द्यायचं, एकदा तरी अंडी घालू द्यायची आणि मग पकडायचं. म्हणजे राखायचं आहे ते जाळं आणि बाजार. हे काम अवघड आहे, कारण यात अनेकांचे पैसे गुंतलेत. म्हणूनच ते सरकारचं काम आहे.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार आकाराची. नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे पापलेट राज्यमासा झाल्यावर दोनच महिन्यांनी, सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. चांगलं केलं. चंदेरी पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर आहे. मिलिमीटरमध्ये आकडा मोठा वाटतो, म्हणून सांगते, हे साडेतेरा सेंटिमीटर झाले. मुलांच्या कंपासपेटीत जी पंधरा सेंटिमीटरची पट्टी असते, तिच्यापेक्षाही आखूड. याहून लहान मासा तरी सोडा, इतकंच कायदा म्हणतो. आणि तेवढंही होत नाही.

आमच्याकडे पापलेट आकारावरून विकलं जातं. सगळ्यात मोठं ते सुपर, त्याखाली एक नंबर, दोन नंबर, असं उतरत जातं. ताजं पापलेट ओळखायचं तर कल्ल्यापाशी अंगठ्याने दाबायचं, पांढरं दुधासारखं पाणी आलं की माल त्याच दिवसाचा. अंगावरची चांदी बोटांना लागते. लहानपणी आईच्या पाटीत वरचे चार-पाच नग बघून गिऱ्हाईक भाव न विचारता बसायचं. आज माझ्या वहीत सुपरचा रकाना पुष्कळ दिवस कोराच राहतो आणि खालच्या नंबरांचे रकाने भरून वाहतात. त्याच्याही खाली, ज्याला नंबरच नाही असा माल वेगळ्या टोपल्यांत असतो. तळहातावर दोन मावतील एवढाली पिल्लं. मोठ्या पापलेटला किलोमागे जो भाव मिळतो, त्याच्या पासंगालाही या पिल्लांचा भाव पुरत नाही. काही महिने पाण्यात राहिली असती तर त्याच माशांनी त्याच बोटीला कितीतरी पट पैसे दिले असते. हे गणित आमच्या बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी सोडलं तर शेजारची बोट पकडणार, हेही त्याला कळतं. हा पेच एकट्या मच्छीमाराला सुटणारा नाही. म्हणून तर कायदा लागतो.

आणि कायद्याचा धाक फक्त बोटीवाल्यालाच का? ही पिल्लं कोणीतरी विकत घेतं. व्यापारी घेतो, ट्रक भरतो, मुंबईच्या बाजारात पाठवतो. हॉटेलात ‘पापलेट थाळी’ म्हणून ताटभर मसाल्यात बुडवलेलं जे एक नग येतं, ते कधी मोजून बघा. लिलावात टोपली उचलणारा निर्धास्त असेल, तर समुद्रात जाळं आवरणारा कशाला घाबरेल?

दुसरी तक्रार गस्तीची. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या झोताने मासे गोळा करून पकडण्यावर बंदी घातली. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यावर निर्बंध आणले, २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून दंड लाखांत नेले. जानेवारी २०२५ पासून ड्रोनही उडू लागले. या सगळ्याचं स्वागत आहे. पण ड्रोनला बोट दिसते, टोपलीत काय आहे ते दिसत नाही. त्यासाठी पहाटे बंदरावर माणूस उभा लागतो. आमच्या बंदरावर लिलावाच्या वेळी पापलेटला पट्टी लावणारा अधिकारी मी आजवर पाहिलेला नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे आणि ती लिहिताना माझ्याच लोकांचा रोष येणार, हे मला ठाऊक आहे. गिलनेटच्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा ठेवला तर लहान मासा त्यातून निसटतो. डोलीत तसं नसतं. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड उघडून उभं केलेलं ते जाळं. बोंबील, जवळा, करदी यांच्यासाठी लावलेलं, पण ओढीबरोबर जे येईल ते त्यात जाणार, पापलेटची पिल्लंही. समुद्रात कवी, म्हणजे खुंट मारून डोली लावणारे उत्तन-वसईकडचे आणि गिलनेटची जाळीवाले सातपाटी-डहाणूकडचे, यांचा वाद आमच्या आज्यापासून चालू आहे. दोन्ही बाजू कोळीच. एकमेकांत सोयरिकी आहेत. डोलवाला काही पापलेटच्या पिल्लांवर श्रीमंत झालेला नाही, त्याचं पोट बोंबलावर आहे. त्याला गुन्हेगार ठरवून प्रश्न सुटत नाही. कोणत्या महिन्यात, किती खोलीवर, जाळ्याच्या टोकाला किती आसाचं शेपूट ठेवलं तर पिल्लं निसटतील आणि त्याचा बोंबीलही जाणार नाही, हे शास्त्रज्ञांना आणि तांडेलांना, म्हणजे बोटीच्या म्होरक्यांना, एका बोटीत बसवून ठरवता येईल. जाळं बदलायचा खर्च सरकारने उचलावा. ते न करता वाद चिघळू दिला की सरकार मध्यस्थ म्हणून बैठका घेत राहतं, फोटो येतात, आणि पुढच्या हंगामात समुद्रात पुन्हा मारामारी.

चौथी तक्रार पावसाळी बंदीची. १ जून ते ३१ जुलै, एवढीच बंदी असते. आमच्या वाडवडलांनी सरकारला न विचारता नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्या. समुद्राला नारळ दिल्याशिवाय कोणी जाळं टाकत नव्हतं. आता १ ऑगस्टला यांत्रिकी बोटी सुटतात, आणि त्या पहिल्या पंधरवड्यात येणारं पापलेट बघवत नाही. बंदी निदान १५ ऑगस्टपर्यंत न्या, अशी पालघरच्या मच्छीमारांची मागणी जुनी आहे. जास्त दिवस घरी बसायला स्वतःहून तयार असलेला धंदेवाला सरकारला दुसरीकडे कुठे भेटेल, मला माहीत नाही. पण आमच्या बोटी बांधून ठेवल्या आणि इतरांच्या मोकळ्या, असं चालणार नाही. बंदी पूर्ण किनाऱ्यासाठी, सगळ्या यांत्रिकी बोटींसाठी असावी. आणि त्या जास्तीच्या दिवसांत खलाशाच्या घरी चूल कशी पेटणार, तेही त्याच आदेशात लिहिलेलं असावं. एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलात, मग शेतकऱ्याला जशी नुकसानभरपाई मिळते तशी इथेही द्या.

पाचवी तक्रार पाण्याची. पापलेट हवेत राहत नाही. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून अधिसूचित आहे. त्याच तालुक्यात वाढवणला सुमारे ७६ हजार कोटींचं बंदर होणार, त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन करणार. ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजनही झालं. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाची ना-हरकत मिळाली जुलै २०२३ च्या अखेरीस, पापलेट राज्यमासा झालं त्यानंतरच्या सप्टेंबरात. एका हाताने त्याचं पाणी भरायची परवानगी, दुसऱ्या हाताने मानपत्र. मी बंदराच्या विरोधात आहे, हे लपवत नाही. पण या पत्रात तो वाद मला लढायचा नाही. मी फक्त एक विचारते. गाळ उपसला जाईल, भराव पडेल, जहाजांची ये-जा वाढेल, तेव्हा राज्यमाशाच्या पैदाशीवर काय परिणाम होईल, एवढ्याच प्रश्नाचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे का? झाला असेल तर तो मराठीत गावागावांत द्या. झाला नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

कांदळवनाचंही तेच. पांढरी चिप्पी राज्याचं मानचिन्ह झाली २०२० मध्ये. बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली कांदळवनाची सुमारे वीस हजार झाडं तोडायला उच्च न्यायालयाने परवानगी दिली डिसेंबर २०२२ मध्ये. त्यातली चिप्पी किती आणि तिवरासारखी इतर झाडं किती, हा हिशेब वनखात्याने ठेवला असेल तर जाहीर करावा. खाडीत लहान मासा वाढतो तो या झाडांच्या मुळांत, हे मी आपल्याला सांगायला नको. आपल्याच कांदळवन कक्षाच्या भित्तीपत्रकांवर ते छापलेलं असतं.

शेजाऱ्यांकडेही बघून घ्या. केरळने २०१० मध्ये करीमीन या माशाला राज्यमासा केलं, तेव्हा त्याच्या वाढीसाठी अख्खं वर्ष करीमीन वर्ष म्हणून पाळलं. गुजरातने आपल्यानंतर दोनच महिन्यांत घोळ मासा राज्यमासा जाहीर केला. घोळ कुठला, तर ज्याच्या बोतासाठी, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी, व्यापारी जीव टाकतात तो. त्याच समुद्रात आमच्या आणि त्यांच्या बोटी शेजारी शेजारी जाळी टाकतात. दोन्ही राज्यांनी आपापला मासा जाहीर करून भागत नाही. माशाला झाईची, म्हणजे दोन राज्यांच्या सीमेवरच्या गावाची, हद्द माहीत नाही. बंदीचे दिवस, आस, किमान आकार हे दोघांनी मिळून ठरवलं तरच त्याला अर्थ आहे.

या सगळ्यावर माझ्या मागण्या अशा.

१. राज्यमाशासाठी स्वतंत्र शासन निर्णय काढा. त्यात जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहा, निधी लिहा आणि दर वर्षी कोणत्या तारखेला अहवाल येणार ते लिहा. अहवालात सातपाटी, डहाणू, अर्नाळा, वसई, उत्तन आणि मुंबईचे धक्के इथे किती पापलेट उतरलं आणि त्यातलं किमान आकाराखालचं किती, हे आकडे हवेत.

२. हंगामाच्या पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक मोठ्या बंदरावर लिलावाच्या वेळी तपासणी करा. दंड बोटीला करा, तसाच तो माल घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही करा. घाऊक बाजारातही तपासा. सरकारी विश्रामगृहं आणि सरकारी समारंभांच्या जेवणात लहान पापलेट बंद करा, त्याला तर कोणाच्या परवानगीची गरज नाही.

३. १३५ मिलिमीटरची मर्यादा पुरेशी आहे का, याचा फेरविचार करा. समितीत फक्त अधिकारी नकोत, गिलनेटवाले आणि डोलवाले दोघांचे तांडेल हवेत. मासे विकणाऱ्या बायकाही हव्यात. माशाचा आकार रोज हाताने तोलणाऱ्या आम्हीच, पण मच्छीमारांच्या बैठकीला आम्हाला कोणी बोलावत नाही.

४. पावसाळी बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, भरपाईसकट. गुजरातशी त्याबद्दल बोलणी करा.

५. डोलीच्या जाळ्याच्या बदलासाठी अनुदान द्या. आधी दोन-तीन गावांत करून बघा, मग सगळीकडे.

६. वाढवण आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक बंदर प्रकल्पाचा पापलेटवरचा परिणाम वेगळा तपासा. अभ्यास मराठीत आणि जनसुनावणीच्या आधी द्या, नंतर नको.

७. हे होईपर्यंत नवीन मानचिन्ह जाहीर करू नका. आहेत त्यांचं बघा.

यातलं काहीही अशक्य नाही. दुसऱ्या मागणीला तर नवा कायदाही लागत नाही, नियम आपलाच आहे, अंमलबजावणी तेवढी करायची आहे. त्या एका गोष्टीपासून सुरुवात केलीत तरी पुढच्या हंगामात आमच्या वहीत फरक दिसेल आणि तो मी आपल्याला आकड्यांनिशी कळवीन.

या पत्राचं उत्तर लेखी द्यावं. मंजूर काय, नामंजूर काय आणि का, एवढं मराठीत, एका कागदावर, संस्थेच्या फलकावर लावता येईल असं. १ ऑगस्टच्या आत आलं तर बोटी सुटण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवता येईल.

आपली,
पालघर किनाऱ्यावरची एक कोळीण